हळदीचा जेसीबी

सोमवार, ३ नोव्हेंबर

भाताची झोडणी काल आटोपली. आज विश्रांती घेण्याचा विचार होता. परंतु सकाळीच पुण्याहून चि. दत्तप्रसादचा दूरध्वनी आला. त्याची कन्या चि. गौरजा, माझी एकुलती नात, तेवीस तारखेस दोन वर्षांची होत आहे. यंदाचा वाढदिवस धामापुरास आपल्या घरी करावा, अशी सूनबाई सौ. नीरजा हिची इच्छा आहे. मी तत्काळ संमती दिली.

पुढे सौ. नीरजा स्वतः बोलली. खाण्याचे जिन्नस घरी केलेले हवेत, सजावट हाताने केलेली हवी आणि सर्वांस मिळून एक ‘थीम’ हवी. थीम म्हणजे काय, असे मी विचारले.

“म्हणजे बाबा, सगळं एकाच विषयावर. केक, खाऊ, सजावट, सगळं.”

ही कल्पना मला पसंत पडली. निबंधास विषय असतो, तसेच हे झाले. मी चौथी उत्तीर्ण आहे आणि निबंधात मला कधी कमी गुण पडलेले नाहीत. ‘आमची गाय’ हा विषय मी सुचविला.

“गाय नको, बाबा. तिला जेसीबी आवडतो.”

मी पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर आले. माती उकरण्याचे ते पिवळे यंत्र. पुण्यात त्यांच्या इमारतीसमोर खोदकाम चालू असून चि. गौरजा दिवसभर खिडकीत बसून ते पाहते, जेवतेही तेथेच.

माझी पत्नी सौ. शेवंती तांदूळ निवडत होती. तिला हे सांगितले. ती म्हणाली, “पॉर ता. आवडता तेका ता करूचा. तुमी मधी गाय कित्याक हाडतास?”

मी गायीचा विषय मागे घेतला.

येथे एक गोष्ट नमूद करतो. चि. गौरजा मला पाहताच रडते. गेल्या वाढदिवशी पुण्यास मी तिला उचलण्यासाठी वाकलो, तेव्हा तिचा श्वास अडकेपर्यंत ती रडली व मला स्वयंपाकघरात नेऊन बसविण्यात आले. केक मला तेथेच मिळाला. गणपतीतही तोच प्रकार. सौ. शेवंतीच्या मते हे माझ्या मिशांमुळे होते. माझ्या मते तो आदर असावा. मला त्याचे काही वाटत नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

या घरात कोणतेही नवे कार्य देवास विचारल्याविना होत नाही. मूर्तीवर ओले फूल लावावे, गाऱ्हाणे घालावे, म्हणजे देवापुढे मागणे मांडावे, आणि थांबावे. फूल देवाच्या उजवीकडे पडले तर होकार. डावीकडे पडले तर नकार. वाडीत गाऱ्हाणे घालण्याचा मान आमच्या घराण्याकडे असल्याने हे नियम मला मुखोद्गत आहेत आणि त्यांत मी कोणासही सूट देत नाही. भजनीबुवा विनीत याने मोटारसायकल घ्यावी काय, असे गतवर्षी विचारले असता फूल डावीकडे पडले. “काका, वायच परत इचारा,” असे तो रडकुंडीस येऊन म्हणत होता. मी विचारले नाही. तो अद्याप एसटीने फिरतो.

आज सकाळी स्नानोत्तर देव्हाऱ्यापुढे उभा राहिलो. उत्खनन यंत्राचा विषय या घराच्या प्रतिष्ठेस शोभेल काय, असे विचारले. माझे वाक्य पुरे होण्यापूर्वीच फूल उजवीकडे पडले. देवाने फारसा विचार केला, असे वाटले नाही.

तरीही कौल तो कौल. आता हे कार्य मीच करणार. केळीच्या खांबांचे मखर आणि गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची माटी, या दोन कामांत पंचक्रोशीत माझ्यापुढे कोणी नाही. मी माझ्या हाताने जेसीबी करीन. मूल आवडत्या वस्तूकडे धावते. मी त्या वस्तूजवळ उभा असेन. यात हेतू काही नाही. करणाऱ्याने जवळ उभे राहण्याची पद्धतच आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

अडचण अशी आहे की, जेसीबी मी कधी नीट पाहिलेला नाही. वाडीत तो एकट्या बाबलीकडे आहे आणि पाणंद रुंद करताना त्याने माझ्या गडग्याचा, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीचा, कोपरा पाडल्यापासून मी त्याच्याशी बोलत नाही. त्याचे यंत्र आले की मी मान फिरवतो. त्यामुळे यंत्राची एकच बाजू मला परिचित आहे, तीही ओझरती.

सध्या बाबलीचे काम चौके गावच्या रस्त्याकडेला चालू आहे. तेथे जाऊन एका काजूच्या झाडाआडून मी निरीक्षण केले. यंत्रास पुढे सुपासारखे एक तोंड आहे. मागे सोंडेसारखा हात असून खणण्याचे काम तो करतो. मागची चाके मोठी, पुढची लहान. म्हणजे यंत्र सदैव किंचित नम्र उभे असते.

एवढ्यात बाबलीने इंजिन बंद केले.

“काकानू, झाडामागे काय करतास?”

मी काजूचा मोहर पाहत असल्याचे सांगितले. इतक्या काळानंतर मी त्याच्याशी उच्चारलेले हे पहिले वाक्य.

“मोहर? आताच? अजून थंडी खंय पडली?”

म्हणूनच पाहत आहे, असे मी म्हणालो व छत्री उघडून निघालो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सोंडेची सांधेजोड नीट ध्यानात न आल्याने पुन्हा जावे लागले. या वेळी बाबलीने झाडाशीच यंत्र आणून उभे केले.

“दत्ताचो फोन इल्लो माका. नातीसाठी करतास मां? मगे लपतास कित्याक? येवा, वर बसा.”

मी नकार दिला. त्याने पुन्हा म्हटले. मी पुन्हा नकार दिला व चढलो.

बैठक आरामशीर आहे. तेथून माणसे लहान दिसतात. एक विलक्षण गोष्ट कळली. ती येथे लिहून ठेवतो. ही बैठक फिरते. रस्त्याने जाताना चालक पुढे तोंड करून बसतो. खणताना कळ दाबून तोच मागे तोंड करतो. बाबलीने मला दोनदा फिरवून दाखविले. तिसऱ्यांदा मी स्वतः फिरलो, खात्रीसाठी.

“आवाडला काय?” बाबलीने विचारले.

रचना समाधानकारक आहे, असे मी सांगितले. गडग्याचा विषय कोणीच काढला नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

खाद्यपदार्थांची योजना निश्चित झाली. सौ. नीरजाने पुण्याहून चित्रे पाठविली. त्यांत परदेशी बिस्किटांचा चुरा ‘माती’ म्हणून व चॉकलेटच्या गोळ्या ‘दगड’ म्हणून वापरल्या होत्या. सौ. शेवंतीने चित्रे दूर धरून पाहिली आणि म्हणाली, “हेका बिस्किटा कित्याक फोडूक व्हयी? माती काय आमच्याकडे नाय?”

खडी म्हणून खडखडे लाडू. ते मुळातच फुटत नाहीत. पाइप म्हणून खाज्याच्या कांड्या. चिरे म्हणून नाचणीच्या वड्या. रंगही तंतोतंत चिऱ्याचा येतो. नाचणी भाजून गुळाबरोबर कुस्करली की माती. केक म्हणून धोंडस, अर्थात तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, किस, रवा व गूळ घालून खाली-वर निखारे ठेवून भाजलेले. त्याच्या मधोमध खड्डा ठेवायचा. आज तालीम म्हणून एक धोंडस केले. मधला भाग आपोआप खचला. सौ. शेवंती नाराज झाली. परंतु खड्डा हा विषयास धरूनच असल्याचे मी तिच्या निदर्शनास आणले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मंडळी सकाळी आली. चि. गौरजा आईच्या कडेवर होती. तिला दोन नव्या वेण्या आल्या आहेत. मी पायरीवर उभा होतो. तिने मला पाहिले, तोंड उघडले, आणि मी आत गेलो.

दुपारी सौ. नीरजा म्हणाली, “बाबा, तिचं मनावर घेऊ नका हं. सवय नाही ना.”

मनावर घेण्यासारखे काहीही घडलेले नसल्याचे मी तिला सांगितले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पडवीत काम सुरू केले. केळीचे खांब सोलून बांबूच्या चिव्यांनी, म्हणजे बारीक खुंट्यांनी, जोडले. हे झाले धड. सोंडेस माडाच्या झावळीचा दांडा तीन ठिकाणी तोडून सुंभाने सांधला. दोरी ओढली की सोंड वाकते. टोकाची बादली पोफळीच्या विरीची, म्हणजे पानाच्या रुंद देठाची. चाकांचा प्रश्न कठीण होता. तो सुरणांनी सोडविला. दोन मोठे सुरण मागे, दोन लहान पुढे. सुरण हे उपजतच चाकासारखे असते, हे मला आजवर सुचले नव्हते.

चि. गौरजा दाराच्या खांबामागून पाहत होती. मी वळून पाहिले की आत पळे. मी पाठ केली की पुन्हा येई. चिव्या ठोकण्याचा आवाज तिला आवडत असावा. म्हणून पुढील सर्व काम मी पाठ फिरवून केले. त्यामुळे डावी बाजू थोडी तिरकी झाली आहे. हरकत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पिवळ्या रंगासाठी चि. दत्तप्रसाद मालवणास जाऊन डबा आणणार होता. घरात हळद असताना रंग विकत आणणे मला रुचले नाही. हळद कालवून संपूर्ण यंत्रास लेप दिला. करवंट्यांचे दिवे बसविले. यंत्र ओटीवर भिंतीकडे तोंड करून ठेवले, म्हणजे सोंड पाहुण्यांकडे येते. कारण सोंड हाच त्याचा मुख्य गुण.

वरची बाजू उघडी दिसत होती, म्हणून माटीही टांगली. माटीस लागणारी कवंडळे ही रानफळे आता मिळत नाहीत. सुपारीचे घोस, भाताच्या लोंब्या, आंब्याचे टाळे, झेंडू आणि एक पिकलेले तवसे यांवर भागविले. दोन्ही बाजूंस केळी उभ्या केल्या. सौ. नीरजाने मधूनमधून फुगे लावले.

चि. दत्तप्रसाद बराच वेळ पाहत राहिला.

“बाबा, झक्कास झालाय. पण ह्या गणपतीसारखा दिसता नाय?”

त्यात गैर काय, असे मी विचारले. तो फुगे फुगवू लागला.

रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी

पहाटे उठून पाहतो तो एक त्रुटी लक्षात आली. चालकाची जागा रिकामी होती. बाहुली ठेवावी असे सौ. नीरजाचे म्हणणे, परंतु शुभकार्यात पहिला मान गणपतीचा. तांदळाची रास करून तिच्यावर विड्याचे पान व पानावर सुपारी ठेवली आणि गणपती म्हणून तिची यथासांग पूजा केली. सुपारीस तोंड नसते. तथापि ठेवताना मी तिचे तोंड यंत्राच्या पुढील दिशेस, म्हणजे भिंतीकडे, असल्याचे मनात योजिले. प्रत्येक गोष्टीस दिशा असावी. सौ. शेवंतीने नारळ फोडला.

आता काही उणे राहिले नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काल रात्री लिहिणे झाले नाही. क्रमाने लिहितो.

दुपारी तीन वाजता शेजारची दीपिका आली. दारातच तिने चपला काढल्या, यंत्रापुढे हात जोडले व केळ्यांची फणी ठेवली. मागून आलेल्यांनी चपला पाहून चपला काढल्या. चार वाजेपर्यंत यंत्रापुढे नारळांचा ढीग झाला. एका वृद्धेने सोंडेस कुंकू लावले. कोणी विचारी, “ह्यो खयचो देव?” दुसरा सांगे, “भिकाजीकाकांनी बसयलो हा, म्हणजे आसतलो खयचो तरी.”

सौ. नीरजा मला बाजूस घेऊन म्हणाली, “बाबा, ही थीम नव्हती.”

थीम तीच आहे, केवळ देव जास्त झाला आहे, असे मी तिला समजाविले.

खरी पंचाईत पुढेच होती. रविवार म्हणून जेवणास कोंबडी-वडे ठरले होते. देव बसलेल्या घरात कोंबडी येणे शक्य नव्हते. रटरटता टोप गोठ्यात नेऊन ठेवावा लागला. म्हैस अस्वस्थ झाली. तेवढ्यात विनीतबुवा भजनी मंडळासह पेटी-पखवाज घेऊन दाखल झाला. त्यास कोणी बोलाविले नव्हते.

“काका, देव बसयलास आणि भजनाक सांगणा नाय?” असे तोच मला रागावून म्हणाला आणि बसून पेटीचा भाता सोडला.

धोंडसावर मेणबत्त्या लावलेल्या, मुले खडखडे लाडू दाताने फोडू न शकल्याने एकमेकांवर आपटून पाहत आहेत, आणि बुवांचा दुसरा अभंग चालू, अशा स्थितीत गेटाशी बाबलीचा खरा जेसीबी आला. ही चि. दत्तप्रसादची गुप्त योजना. यंत्रास झेंडूची माळ होती. बाबलीने हॉर्न वाजविला.

चि. गौरजाने त्याच्याकडे पाहिले. खिडकीतून हातभर दिसणारे यंत्र दारात एवढे मोठे असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिने किंकाळी फोडली व धावत सुटली. ती आईकडे गेली नाही, बापाकडेही नाही. थेट मखरात शिरली, केळीच्या जेसीबीच्या चाकावर पाय दिला आणि चालकाच्या जागी चढू लागली.

“देव आसा थंय! धरा गो तेका!” असा एकच ओरडा झाला. दीपिकाने तिला उचलून खाली घेतले. मग जे रडणे सुरू झाले, ते मी लिहू शकत नाही. तिचे दोन्ही हात यंत्राकडे होते. हळदीने कोपरापर्यंत माखलेले.

“बाबा, ती सुपारी उचला ना बाजूला,” दत्तप्रसाद म्हणाला. “एक सुपारी ती!”

पूजा झालेली सुपारी ही सुपारी नव्हे. तिला उठवावयाचे तर देवाची आज्ञा घ्यावी लागते. वाडीस हा नियम मीच शिकविलेला. साऱ्यांच्या नजरा माझ्याकडे होत्या, विनीतची विशेष. मी अबोलीचे ओले फूल सुपारीवर ठेवले व गाऱ्हाण्यास उभा राहिलो. गाऱ्हाणे शुद्ध भाषेत घालीत नाहीत, म्हणून जसे झाले तसे लिहितो.

“बा देवा गणपती म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सर्वांनी साथ दिली.

“आज ह्या चेडवाच्या वाढदिसाक केळीच्या खांबाचो जो काय जेसीबी केलो हा, तेच्यार तुका आमच्या रितीन बसयलो.”

“होय म्हाराजा!”

“आता ह्या चेडवाक थंय बसाचा आसा. तू खुशयेन खाली उतर, आणि तेका जागो दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“काय चुकला-माकला आसात, ता माज्या पदरात घाल. चेडवाच्या नको.”

“होय म्हाराजा!”

“आणि तेका माजी जी काय भीती वाटता, ती खंय आसात थंयसून काढून टाक रे म्हाराजा!”

हे शेवटचे वाक्य ठरलेले नव्हते. गाऱ्हाण्यास ओघ असतो; ओघात एखादे वाक्य जादा जाते. ‘होय म्हाराजा’ येथे किंचित उशिरा आले. प्रथम सौ. शेवंतीचे एकटीचे आले, मग इतरांचे.

फूल हलले. सरकले. आणि आमच्या डाव्या हातास पडले.

यंत्राचे तोंड भिंतीकडे, चालकाचेही भिंतीकडे, तेव्हा आमचा डावा तोच देवाचा डावा. विनीत सावकाश म्हणाला, “डाव्यान दिल्यान. देव नाय म्हणता.” त्याच्या आवाजात थोडे समाधान होते.

चि. गौरजाचे रडे आता हुंदक्यांवर आले होते. ती यंत्राकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

मी घसा साफ केला व निर्णय दिला. सोंड जमिनीस टेकली आहे, सबब यंत्र या क्षणी खणत आहे. खणताना चालकाची बैठक मागे फिरते. म्हणून देवाचे तोंड भिंतीकडे नसून आपल्याकडे आहे. जो आपला डावा, तो देवाचा उजवा. कौल होकाराचा आहे.

दारातून बाबली म्हणाला, “ता मात्र खरा हा. सीट फिरता. काकांनी स्वतः फिरान बघितल्यानी.”

“आणि माज्या मोटारसायकलीचा काय मगे?” विनीत उसळून उठला. “तेवा परत इचारूक दिलास नाय माका!”

मोटारसायकलची बैठक फिरत नाही, असे मी त्यास स्पष्ट शब्दांत सांगितले. गोठ्याच्या बाजूने कोंबडीचा वास येत होता. कोणीतरी मोठ्याने “होय म्हाराजा!” म्हटले, आणि सर्वांनी ते उचलून धरले.

मी अक्षता वाहून देवास उठविले व उजव्या मुठीत घेतले. आता मुलीस कोणीतरी जागेवर बसविणे आवश्यक होते. मी सर्वांत जवळ उभा होतो. तिने हात पुढे केले. ते यंत्राकडे होते की माझ्याकडे, हे सांगणे कठीण. दोघे एकाच दिशेस होतो. उजव्या मुठीत देव असल्याने मी तिला डाव्या हाताने उचलले. उचललेल्या मुलास तोल सांभाळण्यासाठी काहीतरी धरावे लागते. तिने माझी मिशी धरली. दोन्ही हातांनी.

ती रडली नाही. तिने मिशी एकदा डावीकडे ओढून पाहिली व एकदा उजवीकडे. कळ समजली असावी, कारण मी मान फिरविताच ती हसली. मग मी मान पुन्हा फिरविली. हे बराच वेळ चालले. जागेवर बसविण्याचे राहून गेले. सौ. नीरजाने तिला धोंडसाचा घास माझ्याच कडेवर भरविला आणि मलाही एक दिला. विनीतने रागाने अभंग वरच्या पट्टीत घेतला. कोंबडी घरात आली.

आज सकाळी कालची नोंद तपासली. तीत देवाचे तोंड ‘भिंतीकडे’ असे माझ्याच हस्ताक्षरात आहे. त्यात विसंगती नाही. सकाळी यंत्र उभे होते. सायंकाळी ते खणत होते.

बुधवार, २६ नोव्हेंबर

मंडळी काल पुण्यास गेली. चि. गौरजाने सोंड सोबत नेली. गाडीत ती मावत नव्हती, तरी नेली.

मागच्या एका चाकाची आज भाजी केली. थोडी खाजरी झाली. दुसरे चाक दीपिकाकडे पाठविले.

बाबलीने रविवारी जाताना गडग्याचा पडलेला कोपरा यंत्राने उचलून बसविला. वाकडा बसला आहे. दुपारी तो चहास आला होता.

मिशीवरील हळद अद्याप गेलेली नाही. गावच्या सोसायटीत आज सर्वांनी पाहिले. सौ. शेवंती म्हणाली, “ओ, साबण लावलास तर जायत ती. न्हाणयेत आसा मां साबण?” साबण संपला आहे, असे मी तिला सांगितले. ती न्हाणीत जाऊन आली, रिकामी साबणदाणी पाहून आली, आणि माझ्या सदऱ्याच्या फुगलेल्या खिशाविषयी तिने काही विचारले नाही.